वांझ तुरीचा साहेब

बद्रीनाथ साहेबांविषयी वाईट बोलणारा माणूस आमच्या भागात शोधूनही सापडायचा नाही. केदारखेड्याच्या शेतकऱ्याचा पोरगा, निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकला, पुण्याला जाऊन शेतीची परीक्षा पास झाला आणि जन्मभर पिकांच्या रोगांमागे उन्हातान्हात फिरला. कधी लाच घेतली नाही, कधी कुणाच्या बांधावरचं कणीस मोडून खाल्लं नाही. सगळं खरं आहे, मीही नाकारत नाही. फक्त एवढंच, की त्यांचं नाव निघालं की लोक हात जोडायचे आणि माझ्या आईच्या कपाळाला आठी पडायची. आई परतूरजवळच्या आष्टीची. साहेबांची बायको दुर्गाबाई, तिच्या माहेरघराला लागून आमचं घर, मधे नुसती कुडाची भिंत. पुढं सांगतोय त्यातलं बरंचसं आईनं त्या भिंतीतून ऐकलं, काही दुर्गाबाईच्या तोंडून कळलं आणि उरलेलं डोळ्यांनी पाहिलं.

आधी रोग सांगतो, कारण साहेबांचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. तुरीच्या रानात एखादं झाड शेजारच्या झाडांपेक्षा जास्त पालवतं. फांद्या दाटतात, पानं बारीक आणि फिकट होतात, त्यांवर पिवळसर ठिपके येतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय तूर आलीय! पण त्याला फूल येत नाही. पौषात शेजारच्या झाडांच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागतात, तरी हे आपलं हिरवंगार उभं. यंदा एक असेल तर पुढच्या साली दहा दिसतात, आणि एखाद्या साली अख्खं रान असं हिरवं राहतं आणि घरात वरणाला डाळ नसते. गावागावात त्याला वेगळं नाव होतं. कुणी माजलेली तूर म्हणे, कुणी झिपरी, भोकरदनकडची माणसं वांझ म्हणायची.

साहेब निजामाच्या शेती खात्यात मददगार, म्हणजे सहायक, म्हणून लागले तेव्हा पंचविशीचे होते. अंबडच्या बाहेर खात्याचा लहानसा फार्म होता, तिथं नेमणूक झाली. खात्यातली मोठी माणसं हैदराबादेत बसून कापसाची काळजी करायची, कारण कापूस गिरणीत जातो आणि गिरणीवाल्यांचं बोलणं वरपर्यंत ऐकू जातं. तूर गरिबाच्या ताटातली. तिच्या रोगाकडे बघायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून ते काम या नव्या पोराच्या गळ्यात पडलं. त्यांनी ते असं धरलं की पेन्शनीपर्यंत सोडलं नाही.

दुर्गाबाईशी त्यांचं लग्न पुण्याला जायच्या आधीच लागलं होतं. फार्मवर दोन खोल्या मिळाल्या तशी ती नांदायला आली. सावळी, बोलायला धीट, हसली की सगळ्या अंगानं हसायची, असं आई सांगे. मूल झालं नाही. पहिली काही वर्षं लोक विचारायचे, मग विचारायचे थांबले आणि आपापसात बोलायला लागले. साहेबांची आई साळूबाई केदारखेड्याहून सणासुदीला यायची, सुनेच्या हातचं पोटभर जेवायची आणि हात धुता धुता विषय काढायची.

"बद्री, माझ्या डोळ्यांदेखत दुसरी करून टाक. आता जल्दी कर."

"माय, हे बोलणं बंद. मी शिकलेला माणूस हाये," साहेब म्हणायचे.

दुर्गाबाई चुलीपाशी बसून हे ऐकायची. त्या एका वाक्यावर तिचा संसार उभा होता. नवऱ्याचं शिक्षण म्हणजे नेमकं काय ते तिला माहीत नव्हतं, पण ते आहे तोवर आपल्याला कुणी हलवत नाही, एवढं तिला पक्कं कळत होतं. म्हणून त्याच्या कामाला ती देवाच्या कामासारखी राबायची.

आणि काम चांगलं होतं, हे मी मोकळ्या मनानं सांगतो. साहेबांनी रोगट रानातली माती आणून कुंड्यांत भरली, तीत चांगलं बी लावलं, वर पातळ कापड बांधलं. दुर्गाबाई विहिरीवरून पाणी आणून कुंड्यांना घालायची. झाडं निरोगी आली, फळली. म्हणजे दोष मातीत नव्हता. मग रोगट झाडाच्या एखाद्या फांदीला चुकून चार शेंगा लागतात, त्यांचं बी लांबच्या रानात पेरलं. तीही तूर फळली. म्हणजे दोष बियातही नव्हता. शेवटी रोगट झाडाची कोवळी फांदी निरोगी झाडाला कलम करून बांधली, आणि ते चांगलं झाड बघता बघता फिकट पडलं. रोग एका झाडातून दुसऱ्यात जात होता. कोण नेतं ते मात्र साहेबांना सापडलं नाही. पानाच्या पाठीवर राहणारा, नुसत्या डोळ्याला न दिसणारा एक कोळी वाऱ्यावर उडत हा उद्योग करतो, हे पुढं फार वर्षांनी दुसऱ्यांनी शोधून काढलं.

कलमाचं ते झाड दाखवत साहेब म्हणाले, "बघ, हे कालपर्यंत चांगलं होतं. ह्याच्यात काही खोट न्हाई. बाहेरून आलं ते."

"म्हंजी झाडाचा दोष न्हाई?" दुर्गाबाईनं विचारलं.

"बिलकुल न्हाई."

त्या दिवशी ती किती खूश झाली होती ते तिनं आईला पुढं कितीदा तरी सांगितलं. सरकारचा माणूस, कुंड्या लावून, कापडं बांधून, सिद्ध करून म्हणतो की दोष झाडाचा नाही. तिला वाटलं, आता हे सगळ्यांना कळेल.

उपाय साधा होता. असं झाड दिसलं की लगेच उपटायचं, आणि तुरीची काढणी झाल्यावर बांधावर जुनी झाडं राहू द्यायची नाहीत, कारण उन्हाळाभर रोग त्यांच्यात दबा धरून बसतो. साहेब घोड्यावरून गावोगाव हे सांगत फिरले. "रोगट झाड उपटा," असं घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. लोक माना डोलवायचे आणि एकही झाड उपटायचे नाहीत. हिरवंगार झाड उपटायला हात धजत नाही, शेळ्यांना पाला मिळतो, आणि आज ना उद्या फळेलही, असं प्रत्येकाला वाटतं.

भोकरदनच्या पुढं एका गावात रखमाजी नावाच्या म्हाताऱ्याशी साहेबांची अशीच हुज्जत चालली होती. "रोगट म्हंता ना साहेब? मंग व्हईल की बरी. आजाऱ्याला कुणी उपटून टाकतं का?" म्हातारा म्हणाला. साहेब उन्हानं तापले होते. चिडून ते ओरडले, "अहो बाबा, आजारी न्हाई, वांझ हाये ती!"

म्हाताऱ्यानं ते झाड दोन्ही हातांनी धरलं आणि मुळासकट उपटून बांधापलीकडं फेकलं. मग पुढचं उपटलं, मग त्याच्या पुढचं. सुना-लेकांना हाक मारून अख्खं रान साफ करून घेतलं. आजाऱ्याला लोक घरात ठेवतात, औषधपाणी करतात. वांझेला काढतात. साहेब निरीक्षण करणारे होते, त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

त्या दिवसापासून त्यांनी दुसरा शब्द वापरला नाही. वर्षभरात खात्यानं उर्दूत आणि मराठीत पत्रकं छापली, गावोगाव चिकटवली. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी दवंडी. डफ वाजवून दवंडीवाला ओरडायचा, "वांझ दिसली की उपटा हो! वांझ ठेवाल तर शेजारची वांझ व्हईल! हिरवी दिसली तरी भुलू नका, दया करू नका हो!" हे शब्द साहेबांनी स्वतः बसून जुळवले होते. भोकरदन, अंबड, परतूर, सगळीकडं माणसं रानात उतरली आणि झाडं उपटून ढीग घातले. रोग हटायला लागला. हैदराबादेत नाझिम साहेबांनी, म्हणजे खात्याच्या मुख्यांनी, शाबासकी दिली.

दुर्गाबाईनं ही दवंडी पहिल्यांदा अंबडच्या बाजारात ऐकली. मेथीची जुडी हातात होती. भाजीवाली तिला ओळखत होती, आजूबाजूच्या बायकाही. दवंडी संपली तशी एकीनं पदर तोंडाला लावला आणि दुसरी हसली. "साहेबानं घरातलं बघूनच लिव्हलंय वाटतं," कुणीतरी म्हणालं. मेथी तिथंच टाकून ती घरी आली.

साहेब जेवायला बसले तेव्हा तिनं विषय काढला. नवऱ्याला आजवर तिनं काही मागितलं नव्हतं.

"तेवढा शब्द बदला. झिपरी म्हणा, माजलेली म्हणा. लोक म्हणत्यातच की."

"झिपरी म्हणलं तर कुणी उपटत न्हाई. करून बघितलंय मी."

"मंग शब्द राहू द्या. एवढं तरी सांगा, झाडाचा दोष न्हाई म्हणून. तुमीच तर मला दाखवलं. तेवढं एक वाक्य दवंडीत घाला."

साहेबांनी घास ताटात ठेवला. आईच्या म्हणण्याप्रमाणे ते चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही. "दोष न्हाई म्हणलं की लोकांना कीव येते," ते म्हणाले. "कीव आली की ठेवून घेतात. माझं सगळं काम पाण्यात जाईल. तू मनाला लावून घेऊ नको, मी तुरीविषयी बोलून राह्यलो."

मला या माणसाचा राग येतो तो इथं. त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांनी कीव आणि शब्द दोन्ही तपासून पाहिले होते, कुंड्यांतल्या मातीसारखे, आणि जे उपयोगाचं नव्हतं ते बाजूला ठेवलं.

मग व्हायचं ते झालं. पुढच्या एका सभेत, शंभर-दोनशे माणसं बसलेली असताना, मागून कुणीतरी विचारलं, "साहेब, आमची उपटाया सांगता, मंग तुमच्या घरचीचं काय?" सभा खदखदून हसली. साहेब पण हसल्यासारखं करून खाली बसले. घरी आले ते जेवले नाहीत. साळूबाईला निरोप गेला, आणि त्याच वैशाखात पुष्पाबाई नावाची मुलगी साहेबांची दुसरी बायको होऊन त्या दोन खोल्यांत आली.

"लोक माझं ऐकेनात, कामात अडथळा येऊन राह्यला," एवढंच ते दुर्गाबाईला म्हणाले. शिकलेला माणूस असल्याचं त्या वेळी बोलले नाहीत.

पुष्पाबाईला दिवस गेले. दुर्गाबाई तिचं पाणी भरायची, पाय चेपायची, आंबट आणून द्यायची. सातव्या महिन्यात साळूबाई म्हणाली, हिची सावली नको पडायला. साहेबांनी गाडी सांगितली. "थोडे दिवस माहेरी जाऊन ये," म्हणाले. मुलगा झाल्याचे पेढे आष्टीला कुणाच्या तरी हाती आले, तिला न्यायला गाडी काही परत आली नाही.

आष्टीत तिचा धाकटा भाऊ भुजंग होता. माणूस मवाळ, पण बहिणीवर जीव. "आक्का, तुझंच घर हाये," म्हणाला. त्याची बायको सोनूबाई, पदरी तीन लेकरं. सोनूबाईनंही तोंड वाकडं केलं नाही, कारण दुर्गाबाई दोन माणसांचं काम ओढायची. ती मुख्य म्हणजे उत्तम मोघणारीण होती. आमच्याकडं ज्वारीची तिफण पुढं चालते, आणि तिच्यामागं दोरीनं बांधलेली एक नळी असते, तिला मोघा म्हणतात. त्यातून तुरीचं बी सोडत मागून चालायचं काम बाईचं. मूठ सारखी सुटली पाहिजे, पाय तिफणीबरोबर पडला पाहिजे. लेकुरवाळीनं मोघण धरावी असा रिवाज होता, पण सोनूबाईचं तान्हं अंगावर पीत होतं, म्हणून भुजंगनं बहिणीच्या हाती मोघा दिला.

एक साल बरं गेलं. दुसऱ्या साली भुजंगच्या रानात झिपऱ्या दिसायला लागल्या. तिसऱ्या साली अर्धी तूर हिरवी राहिली, आणि शेजारच्या दोघांच्या रानातही पसरली. भुजंगनं दवंडीप्रमाणं रानातली झाडं उपटली होती. बांधावरची मात्र ठेवली होती, शेळ्यांच्या पाल्याला आणि दातवणाला. गावात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. गावाच्या ध्यानात वेगळंच आलं. तूर कुणी मोघली? कुणाच्या मुठीतून बी पडलं? साहेबाची दवंडी तर चावडीवर रोज कुणीतरी म्हणून दाखवत होतं, वांझ ठेवाल तर शेजारची वांझ होईल.

विहिरीवर बायका आपली घागर दुर्गाबाईच्या घागरीपासून लांब ठेवायला लागल्या. सोनूबाईनं धाकटं पोर तिच्या मांडीवरून उचललं. धर्मराज पाटील भुजंगला म्हणाले, "तुझी बहीण हाये, कबूल. पर गावाच्या ताटातलं वरण चाललंय, भुजंगा." भुजंगनं हात जोडले. "दाजी येणार हायेत दौऱ्यावर. त्यांना इचारू. ते जाणकार. ते म्हणतील तसं करू." पाटलाला हे पटलं. गावालाही पटलं. भुजंगला वाटलं, सुटलो. घरी येऊन त्यानं बहिणीला सांगितलं, आणि तिचा चेहरा किती दिवसांनी उजळलेला आईनं भिंतीच्या फटीतून पाहिला. साहेब म्हणजे साऱ्या मुलखाला माहीत असलेला माणूस, त्यांनी कुंड्यांतून सिद्ध केलेली गोष्ट. नुसतं नाही म्हणायचं होतं. त्या एका नाहीवर तिला भावाच्या घरात राहता येणार होतं.

साहेब आले ते नाझिम साहेबांबरोबर. नाझिम साहेब हैदराबादेहून पहिल्यांदाच या बाजूला आले होते. चावडीपुढं खुर्च्या मांडल्या, पानाचं तबक आलं, गाव जमला. बायका भिंतींच्या आडून ऐकत होत्या. त्यांत माझी आई होती आणि तिच्या दंडाला धरून दुर्गाबाई उभी होती. साहेबांनी तुरीवर भाषण केलं. नाझिम साहेबांना एकेक वाक्य उर्दूत सांगत होते. ह्या कामावरून त्यांना हैदराबादेच्या प्रयोगशाळेत न्यायचं की नाही हे नाझिम साहेब ठरवणार होते, आणि ते मोठे काटेकोर म्हणून प्रसिद्ध होते. तपासल्याशिवाय बोलणाऱ्याला ते उभं करायचे नाहीत.

भाषण झाल्यावर पाटील उठले. त्यांनी आदरानं नमस्कार केला.

"साहेब, राग मानू नका. तुमीच घरचे आन् तुमीच जाणकार, म्हणून इचारतो. वांझ बाईनं मोघलेली तूर वांझ होते का?"

कुणी हसलं नाही. नाझिम साहेबांनी काय विचारलं म्हणून साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी प्रश्न उर्दूत सांगितला. बाई कोण ते सांगितलं नाही. भुजंग पुढं सरकून उभा होता, त्याची मान नकारात हलत होती, जणू उत्तर त्याच्याच तोंडात होतं.

 साहेबांनी बी तपासलं होतं, माती तपासली होती, कलम करून पाहिलं होतं. कुणाच्या मुठीतून बी पडलं याचा रोगाशी काडीचा संबंध नाही हे त्यांना जितकं माहीत होतं तितकं त्या गावात कुणालाच नव्हतं. पण अशी दोन रानं आखून, एकीकडं लेकुरवाळीला मोघायला लावून आणि दुसरीकडं वांझेला, असं त्यांनी खरंच काही केलं नव्हतं.

"त्यावर अजून प्रयोग झालेला न्हाई," ते म्हणाले.

मग तेच उर्दूत सांगितलं. नाझिम साहेब खूश झाले. "बहुत खूब. यह एहतियात की बात है," अशी बोलण्यातली सावधगिरी वाखाणून त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. गावाला उर्दू थोडंफार कळत होतं. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यानं मान डोलवली आणि साहेबानं नाही म्हटलं नाही, हे सगळ्यांना कळलं. दुर्गाबाईनं आईचा दंड सोडला आणि ती घराकडं चालू लागली.

गावानं तिला मारलं नाही की शिवी दिली नाही, मी अन्याय करत नाही. पाटील माणूस समंजस. गावाबाहेर भुजंगच्या रानाच्या बांधावर तिनं राहावं, शिवारातल्या पिकाला हात लावू नये, विहिरीवर येऊ नये, एवढंच ठरलं. भुजंग रडत रडत तिच्याबरोबर गेला. खोपी उभी करायला लाकूड नव्हतं, म्हणून बांधावरची तुरीची जुनी झाडं होती तेवढी सगळी तिनं आणि त्यानं तोडली आणि तुराट्यांचा कूड केला. पाणी सोनूबाई लांब ओतून जायची. पावसाळ्यात दुर्गाबाईला हिवताप आला तेव्हा कण्हण्याचा आवाज पांदीच्या गाडीवाटेपर्यंत यायचा आणि लोक तेवढ्यापुरती वाट बदलायचे. आई चोरून जायची, पण तीही रोज जाऊ शकायची नाही. ताप गेला तेव्हा दुर्गाबाईचे केस विरळ झाले होते आणि बोलताना ती समोरच्याकडं न बघता जमिनीकडं बघायला शिकली होती. साहेबांची बदली हैदराबादेला झाली.

त्या साली भुजंगनं सोनूबाईकडून मोघण करून घेतली. आणि तूर अशी आली की बांधावर उभं राहिलं तर पलीकडचा माणूस दिसेना. फुलांनी पिवळी झाली, मग शेंगांनी वाकली. शेजारच्या दोघांचीही तशीच.

हे अठ्ठेचाळीस सालच्या सुरुवातीचं. पुढं पोलीस ॲक्शन होऊन राज्य बदलायला काही महिने होते. रझाकारांच्या भीतीनं माणसं फारशी गाव सोडत नव्हती, तरी साहेब परतूरला रेल्वेनं उतरून आष्टीला आले. जुन्या गावांत रोग किती राहिला याची पाहणी चालली होती. पाटलांनी त्यांना मोठ्या अभिमानानं भुजंगच्या रानात नेलं.

"साहेब, तुमी म्हणाल्ते प्रयोग झाला न्हाई. आमी केला. बाई काढली, तूर फळली. लिहून घ्या."

साहेबांनी रान पाहिलं. मग त्यांची नजर बांधावर गेली. बांध उघडा होता. जिथं जुनी झाडं असायची तिथं नुसती तोडलेली खुंटं होती आणि पलीकडं तुराट्यांची खोपी. रोगाचं घर कुणी मोडलं ते त्यांना एका क्षणात कळलं. आई म्हणे, त्यांचा चेहरा पांढरा पडला. आई तिथं खोपीपाशीच होती, दुर्गाबाईला भाकरी घेऊन आलेली.

"पाटील, बाईचा काही संबंध न्हाई," साहेब म्हणाले. या वेळी बोलले. "बांधावरची जुनी तूर तोडली, म्हणून रोग गेला. बाई उलट..."

पाटील हसले, वाईट हेतूनं नव्हे. "शेवटी घरची माया, साहेब. आमी समजून घेतो. बायकोच हाये तुमची." बाकीच्यांनीही समजुतीनं माना हलवल्या. ज्याला सगळा मुलूख मानतो त्या माणसाचं हे एकच म्हणणं गावानं मनावर घेतलं नाही.

साहेब एकटेच बांधावरून खोपीकडं आले. दुर्गाबाई दारात उभी राहिली, डोक्यावरचा पदर पुढं ओढून. आईला जायला जागा नव्हती, ती कुडाला टेकून थांबली. इतक्या वर्षांत साहेबांनी बायकोला चारचौघांत कधी नावानं हाक मारली नव्हती.

"दुर्गा, तुझा दोष न्हाई. बिलकुल न्हाई. ह्या बांधावरच्या झाडांतून रोग येत व्हता. तू ती तोडली, म्हणून तूर फळली. तुझ्यामुळंच फळली. चल, घरात चल. मी भुजंगाला सांगतो, पाटलाला पुन्हा सांगतो."

दुर्गाबाईनं रानाकडं पाहिलं. सोनूबाईची पोरं रानाच्या कडेला धुऱ्यावर बसून ओल्या शेंगा सोलून खात होती.

"त्याचा प्रयोग झालाय का?" तिनं विचारलं.

हा टोमणा नव्हता, आई शपथेवर सांगायची. फार्मवर कुंड्यांना पाणी घालताना विचारायची तसंच तिनं विचारलं होतं, खरोखर जाणून घ्यायला.  खोटं बोलायची साहेबांना सवय नव्हती.

"न्हाई," ते म्हणाले.

"मंग मी हितंच बरी," दुर्गाबाई म्हणाली. "मी घरात गेले आन् तूर पुन्हा गेली, तर पोरं काय खातील?"

साहेब संध्याकाळच्या गाडीनं परतूरहून निघून गेले. ती त्या खोपीत आणखी दहा-बारा वर्षं जगली.